इन्शिराहबाईंचा दुसरा चहा

इजिप्तमधल्या दमनहूर गावच्या आमच्या मुलींच्या शाळेत एका बाकावर तिघी बसतात आणि एका वर्गात अडुसष्ट. मी गणित शिकवते, आणि निम्म्या मुलींची नावं मला वर्षअखेरपर्यंत येत नाहीत, हे कबूल करून टाकते. शेजारच्या वर्गाच्या इन्शिराहबाईंचं तसं नव्हतं. मधल्या सुट्टीतला त्यांचा चहा रोज एका मुलीच्या मालकीचा असे. बाई तीन चमचे साखर घालून ग्लास हातात घ्यायच्या, मुलीने शेजारी बसून वाचून दाखवायचं. ग्लास रिकामा झाला की पाळी संपली. पुन्हा पाळी यायला तीन महिने लागत!

पहिलीपासून तिसरीपर्यंत त्यांच्याकडेच असलेल्या या वर्गाचा आवाज म्हणजे शुरूक नावाची मुलगी. बाईंनी ओळ म्हटली की आधी ती खणखणीत म्हणणार, बाकी सदुसष्ट तिच्यामागून. "माझी शुरूक!" हे बाईंच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि हीच शुरूक चहाच्या पाळीला गायब! कधी पोट दुखायचं, कधी मैत्रिणीला पाळी देऊन टाकायची. अडुसष्टांत ते खपून गेलं. मार्चमध्ये मात्र बाईंनी तिला दंडाला धरूनच आणलं आणि न शिकवलेलं पान उघडलं. शुरूकने धडाधड म्हणून दाखवला तो मागच्या आठवड्याचा धडा. एकही चूक नाही.

बाई आमच्या शिक्षिकांच्या खोलीत येऊन मटकन बसल्या. "करीमान, पोरीला अक्षर येत नाही गं! अडीच वर्षं मी पाठांतराला शाबासकी देत होते."

"मग पुढच्या बाई बघतील. तुम्ही तर मेअखेर निवृत्त होताय."

"त्यांनाही तो आवाजच ऐकू येणार. तिच्याकडे बघणार कोण?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या प्रार्थनेआधी शुरूकसाठी दुसरा चहा सुरू झाला. इतरांची पाळी मोडायची नव्हती ना!

"बाई, साखरेचा आजार आहे तुम्हाला. रोज सहा चमचे?" मी म्हटलं.

"हा बिनसाखरेचा."

बिनसाखरेचा चहा, तोही गोडमिट्ट चहा पिणाऱ्या दमनहूरमध्ये! तोंड वाकडं करून, मुद्दाम घोट लांबवत त्या तो प्यायच्या. शुरूक अडखळायची, रडायची. एकदा वैतागून म्हणाली, "बाई, मी मोठ्याने म्हणते ना? मग हे कशाला?"

"मोठ्याने तर कोंबडाही ओरडतो. वाच."

मेच्या शेवटच्या आठवड्यात भिंतीपलीकडे नवा धडा सुरू झाला, आणि वर्गाचा पार विचका! कुणी पुढे, कुणी मागे. शुरूकचा आवाजच नाही! खडू टाकून मी धावले.

शुरूक बाकावर दोघींच्या मध्ये बसली होती. बोट पानावर, ओठ हलत होते. वर्ग चौथ्या ओळीवर, ही पहिलीवर.

"गप्प!" बाई ओरडल्या. सदुसष्ट पोरी चिडीचूप.

मग एक बारीक, घाबरलेला आवाज आला, मी कधीच न ऐकलेला. "मा... माझ्या... माझ्या मा... मामाची... हो... होडी..."

बाई मला हातवारे करत होत्या, बघ, बघ! त्यांचे डोळे वाहत होते.

"बाई, घंटा झाली," कुणीतरी कुजबुजलं.

"होऊ दे. तिचं वाक्य संपू दे."

कुणी उठलं नाही. तिकडे माझ्या वर्गाने शाळा डोक्यावर घेतली होती, तरी मीही दारातून हलले नाही.