खात्र्याच्या बोटांतला ठेका

नंदुरबार स्टेशनाबाहेर दगाजीची बैलगाडी ठरवली आणि आतल्या गवतावर मी संस्थानिकासारखा पसरलो. पहाटेचं धुकं होतं. त्यातून एकेक झाड पुढे येई, मुजरा करी आणि विरून जाई. तोरणमाळचं पठार पाहायला निघालो होतो खरा, पण डोंगरांपेक्षा मला माणसांची हौस अधिक. अनोळखी माणूस दिसला की मी त्याला मनातल्या मनात एक भूमिका देतो आणि घरी आल्यावर त्याची नक्कल करून तुम्हां मंडळींना हसवतो.

तापी नावेतून ओलांडली. नाव डोलत होती, बैल मात्र माझ्यापेक्षा शांत उभे होते. रात्री शहाद्याला मुक्काम केला. सकाळी कळसाडीजवळ फुटलेल्या कापसातून एक पावरा आदिवासी गडी वाटेवर आला.

"हाऊ खात्र्या," दगाजी म्हणाला. "वरना गावना शे. बसू द्या त्याले."

खात्र्या माझ्यासमोर बसला. बोलेना. नजर सातपुड्याच्या निळ्या रेघेवर आणि मांड्यांवर दोन्ही हातांची बोटं सारखी थरथरत होती. मी भूमिका ठरवून टाकली: हिवतापाचा रोगी! मोठ्या उदारपणे क्विनाइनची गोळी पुढे केली. त्याने ती मुकाट्याने गिळली, तोंड वाकडं केलं. थरथर चालूच.

मग मी ती हळूच माझ्या गुडघ्यांवर उतरवू लागलो. उजवा संथ, डावा उतावळा, मध्येच एक दचकल्यासारखी फट. घरी काय हशा पिकेल! तासाभरात थरथर साधली आणि त्या आनंदात मी गाडीच्या फळीवर ताल धरून एक नाटकातलं पद सोडलं.

खात्र्याने डोळे गच्च मिटले आणि चालत्या गाडीतून खाली उडी घेतली.

"इतका वाईट गातो का रे मी?"

दगाजीने बैल थांबवले. "हाई काय करं भाऊ तुम्हीन! त्याले ताप नही. त्याना बोटमां ढोल शे, ढोल!"

मग सगळं कळलं. डोंगरावरच्या त्याच्या गावात नव्या धान्याच्या पूजेला एक ठराविक ठेका लागतो. तो वाजल्याशिवाय कोणी नवा दाणा तोंडात घालत नाही. तो वाजवणारा खात्र्याचा बाप पावसाळ्यात वारला. आता तो ठेका कळसाडीला शेतावर राबणाऱ्या म्हाताऱ्या काकालाच ठाऊक. त्याच्याकडून शिकून खात्र्या तो बोटांत धरून नेत होता. पूजा उद्या सकाळी.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीन कोनले बोलू देतस का?"

खात्र्या मोहाच्या झाडाखाली बसून मांडीवर वाजवत होता. एका जागी येऊन बोटं थांबत. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच. माझ्या पदाने तेवढाच तुकडा खाल्ला होता. काकाकडे परत जायला वेळ नव्हता.

मी त्याच्यासमोर धुळीत मांडी घातली आणि माझा हिवतापाचा रोगी त्यालाच करून दाखवला. उजवा संथ, डावा उतावळा, मग ती फट. शरमेने कान तापले होते. खात्र्या माझ्या बोटांकडे टक लावून बघत राहिला. मग त्याने माझं मनगट धरलं.

"आखो एकदाव." (पुन्हा एकदा.)

पायथ्याशी गाडी ठेवली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ली आणि बांबूंच्या सावलीतून तिघेही चढलो. संध्याकाळपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. दगाजीने दोनदा मागे वळून मी आहे ना ते पाहिलं.

सकाळी धुक्यात ढोल वाजला. बाया सुपात नवं धान्य घेऊन उभ्या होत्या. मग ती अडलेली जागा आली. ठेका फटीवरून उडी मारून पलीकडे गेला. समोरची एक म्हातारी ढोलाकडे बघत हसली, डोळे पुसले आणि तिने पहिला दाणा तोंडात टाकला.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच.

"पद नही म्हनतस का आज?" दगाजीने टोमणा मारला.

"नाही. तुझ्या मनात काय चाललंय ते सांग."

त्याने चमकून पाहिलं. दोन दिवस मी त्याच्या पाठीशी बसलो होतो आणि त्याला रस्त्याखेरीज काही विचारलं नव्हतं. मग बैलांच्या शिंगांकडे बघत तो बोलू लागला. तापी आली, गेली. नंदुरबार स्टेशन आलं तरी त्याचं सांगून झालं नव्हतं.

माझी आगगाडी फलाटावर उभी होती. तिने शिटी दिली. मी गवतावरून उठलो नाही.

"मग पुढे?" मी म्हणालो.