निळ्या रंगाखालचे दोन व्होल्ट

आमचा मामा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि हाताशी येईल ती वस्तू निळी रंगवतो. शेड, बादली, स्टूल, मीटरची पेटी. मामी म्हणते, "मी त्याच्यासमोर एका जागी फार वेळ बसत नाही. उगाच धोका कशाला?"

दुसरा नाद मोजण्याचा. मोजल्याशिवाय तो कुठल्याही पार्टला वाईट म्हणत नाही. माणसांना मात्र न मोजता म्हणतो.

एकदा दुपारी नाववाल्या मावशी तणतणत आल्या. त्या खाडीपलीकडे माणसं पोचवतात.

"मिस्त्री, चार फेऱ्या झाल्या की बॅटरी मान टाकते. काल वल्ही मारत आले. उद्या साहेब तपासणीला येणार. त्यांच्यासमोर बटण दाबून इंजिन लागलं नाही, तर परवाना गेलाच!"

दुकानदाराच्या सल्ल्यानं नवा रेग्युलेटरही त्या घेऊन आल्या होत्या. इंजिनाची वीज बॅटरीला सोसेल इतकीच पुढे सोडणारा तो डबा.

"आधी मोजू," मामा म्हणाला.

दोरी ओढून त्यानं इंजिन चालू केलं. बॅटरीवर चौदा व्होल्ट हवेत. आकडा बाराच्या पुढे सरकेना. बॅटरी धड, वायरी धड. मग मीटरचं एक टोक जुन्या रेग्युलेटरच्या अंगाला, दुसरं इंजिनाच्या अंगाला. इथे शून्य हवं. आले दोन. म्हणजे बॅटरीला कमी पडणारे दोन व्होल्ट इथेच अडत होते.

मामानं बोल्ट सोडून डबा उचलला. धातूला धातू भिडायला हवा, तिथे निळा गुळगुळीत थर. गेल्या सर्व्हिसिंगला त्यानंच प्रेमानं दिलेला.

मावशी पाठमोऱ्या, वल्ही बांधत होत्या. गुपचूप रंग खरवडून नवा डबा बसवला असता, तरी चार्जिंग सुरू झालंच असतं. जुना बिचारा गुन्हेगार ठरून भंगारात, मामाची अब्रू शाबूत. मामानं जरा वेळ मान खाजवली.

"मावशी, नवा परत करा. जुना ठणठणीत आहे. त्याच्याखाली मी रंग फासला. चूक माझी."

मावशींनी वाकून पाहिलं. "म्हणजे मी वल्ही मारली ती तुमच्या हौसेपायी?"

"हो."

"मग रंग तरी बरा निवडायचा!"

खरवडल्यावर आकडा चौदाच्या वर गेला. संध्याकाळपर्यंत इंजिन चालवून बॅटरी भरली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाचदा बटण दाबलं, पाचही वेळा इंजिन लागलं. सही झाली.

मामा अजून रंगवतोच. स्वभावाला औषध नाही. फक्त आधी डब्याएवढ्या जागेवर कागद चिकटवतो. मावशी तरीही तिथे नख मारून बघतात.