झेरॉक्सबाईंची टेकडी

तिला ‘झेरॉक्सबाई’ हे नाव पडलं ते एका फोटोमुळे.

गावाबाहेरच्या टेकडीवर वाढणाऱ्या एका कडू मुळीच्या झुडपावर तिचं काम चाललं होतं. पोटदुखीला, तापाला लोक ही मुळी उकळून पितात, आणि उपटून उपटून ती आसपास या एकाच टेकडीवर उरली होती. तिथल्या झुडपांत आपापसांत किती फरक आहे, ते डीएनएमधल्या खुणांवरून पाहायचं होतं. पानं खलात वाटायची, त्यातला डीएनए काढायचा, खुणांचे तुकडे यंत्रात वाढवायचे, मग ‘जेल’ म्हणतात त्या जेलीसारख्या पातळ वडीत ओळीने भरून वीज सोडायची. दिव्याखाली धरलं की प्रत्येक झुडपाच्या रांगेत पट्टे दिसतात. झुडपं वेगळी, तर पट्टे वेगळे. तिच्या फोटोत मात्र टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या सगळ्या झुडपांचे पट्टे हुबेहूब एकसारखे.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी फोटो बघून म्हणाला, "बाई, एकच नळी सगळीकडे ओतलीत की काय? त्यापेक्षा झेरॉक्स काढायची, कष्ट तरी वाचले असते."

सगळी प्रयोगशाळा हसली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता खरं सांगायचं तर संशय अगदीच वेडगळ नव्हता. दोन मुलांना मार्गी लावून, चाळिशीला टेकल्यावर पुन्हा शिकून ती या कामाला लागली होती, आणि नवख्या माणसाच्या हातून अशी चूक होते. तिच्या हातून ती झाली नव्हती, पण हे ठाऊक होतं तिला एकटीलाच. आणि तिला त्याचा मनस्वी राग येत होता.

पदर खोचून तिने सगळं पुन्हा केलं, वेगळ्या खुणा घेऊन केलं. पुन्हा तेच. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. टेकडीवर अनेक झुडपं नव्हतीच. जमिनीखालून मुळं पसरवत गेलेलं ते एकच झुडूप होतं. म्हणून तर दरवर्षी फुलं येत आणि फळ एक धरत नसे. स्वतःचा पराग त्याला चालत नसणार.

ती तडक प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे गेली. सर माणूस सरळ, फक्त कायम घाईत. त्याच टेकडीवरच्या फांद्यांची कलमं रोपवाटिकेत तयार होती आणि येत्या हंगामात तीन उजाड टेकड्यांवर ती लागणार होती.

"म्हणजे तिन्ही टेकड्यांवर आपण एकच झुडूप लावणार?" सरांनी विचारलं.

"हो सर. उद्या एक रोग आला की सगळं साफ."

"तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण हा फोटो दाखवून मी लावणी थांबवू? लोक म्हणतील, बाईंनाच जमलं नाही. वेगळं झुडूप तुमच्या हातून वेगळं दिसतं, एवढं दाखवा. पण लावणीच्या आधी."

वेगळं झुडूप आणायचं कुठून? ते काम तिने धाकट्या दिराच्या गळ्यात घातलं. तो डोंगरांपलीकडे माल नेणारा ट्रक चालवायचा. तोंडाचा फटकळ, पण वहिनीच्या शब्दाबाहेर नाही. तिने त्याला पानाचा फोटो दिला आणि पानं सुकवायला ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या दिल्या. पहिल्या खेपेला त्याने कसलंसं गवत आणलं. दुसऱ्या खेपेची जुडी बघून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, हा पालक आहे."

"पालकही तब्येतीला चांगलाच असतो की," दीर म्हणाला.

पण मग तो इरेला पेटला. गाडी थांबेल तिथे उतरून रस्त्याकडेची झुडपं न्याहाळू लागला. शेवटी एका संध्याकाळी त्याने पुडी टेबलावर ठेवली.

"भाऊजी, हे तरी नक्की ना?"

"वहिनी, या वेळी मुळी चावून बघितली. तोंड अजून कडू आहे."

दुसऱ्या दिवशी तिने सरांनाच नळ्यांवर नंबर टाकायला लावले. कुठल्या नळीत कुठलं झुडूप, ते मला सांगूच नका, म्हणाली. सरांनी चिठ्ठी खिशात ठेवली. जेल तयार झालं तेव्हा सहकारीही खुर्ची ओढून येऊन बसला होता. दिवा लागला. सारखी, सारखी, सारखी रांग, आणि मध्येच एका रांगेतले पट्टे भलतीकडेच.

तिने काचेवर बोट ठेवलं. "ही डोंगरापलीकडची. बाकी सगळं एकच झुडूप."

सरांनी चिठ्ठी उघडली, वाचली, आणि तिथूनच फोन करून लावणी थांबवली.

रीतसर परवानगी काढून दिराने पलीकडची जिवंत रोपं आणली, ती केबिनमध्ये शेजारच्या सीटवर पट्टा लावून. त्यांना बहर आल्यावर ती बारीक कुंचल्याने इकडचा पराग तिकडे, तिकडचा इकडे लावत राहिली. "काय, निघाली का झेरॉक्स?" सहकारी रोज विचारायचा. एका सकाळी पाकळ्या गळलेल्या दिसल्या आणि देठावर हिरवं, टणक फळ. ती तिथेच मातीत बसली आणि एकटीच मोठमोठ्याने हसली. इतका आनंद तिला स्वतःच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

बियांची रोपं झाली, रोपांचं जेल झालं. एकाचे पट्टे दुसऱ्याशी जुळेनात. सहकारी फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, मशीन बिघडलं वाटतं तुमचं."

"हो," ती म्हणाली. "फार मेहनतीने बिघडवलंय."

पुढच्या हंगामात दिराच्याच ट्रकमधून रोपं उजाड टेकडीवर आली. फळीवर उभा राहून तो ओरडला, "वहिनी, यातलं मी आणलेलं कुठलं?"

"सगळीच. प्रत्येकात अर्धं इथलं आहे, अर्धं तुमचं."

पुढची रोपं दिराने एकेक करून, दोन्ही हातांनी उतरवली.