टिप्परचे अठरा सेकंद

तो अपघात माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गोरेगाव तालुक्यात मी ठाणेदार होतो. एका सकाळी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या साठीच्या बाईंना एका वाहनाने उडवले आणि चालक पळाला. बाई जागीच गेल्या.

समोरच्या राइस मिलच्या कॅमेऱ्यात त्या कोसळताना दिसत होत्या, वाहन झाडाआड. पंचनामा चालू असतानाच खबर आली, त्याच सुमारास मुरमाचा एक टिप्पर गेला. मालकाकडून टिप्परच्या जीपीएसची नोंद मागवली. बाई पडल्या त्याच सेकंदाला टिप्पर त्याच जागी होता.

चालक बाईंच्या नवऱ्याचा सख्खा भाचा निघाला.

"मामीला पाहिलंस?"

"नाही पाह्यलो, साहेब." नजर जमिनीवर.

खोटे बोलणारा मला ओळखू येत असे. हा खोटेच बोलत होता. अटक केली. जामीन झाला, पण मामीच्या तेरवीला त्याला कोणी दारात उभे केले नाही.

पुढे जीपीएस बसवणाऱ्या तंत्रज्ञाचा जबाब घेतला. नोंद पाहून तो म्हणाला, "साहब, ये टाइम अठारह सेकंड आगे है."

पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून जगाच्या घड्याळात अधूनमधून एक सेकंद वाढवतात. उपग्रहांच्या घड्याळात वाढवत नाहीत. तो फरक अठरा सेकंदांचा झाला आहे. यंत्राने तो वजा करायचा असतो. या यंत्राने केला नव्हता. म्हणजे बाई पडल्या, त्याच्या अठरा सेकंद आधीच टिप्पर पुढे निघून गेला होता.

पुढच्या वन नाक्याच्या नोंदवहीत टिप्परच्या लगेच मागे एक पिकअप होती. तिचा दिवा फुटलेला सापडला. तिच्या चालकाने कबुली दिली.

भाच्याला बोलावून हे सांगितले. विचारले, "मग खोटं का बोललास?"

"मामीनं हात दाखवला होता, साहेब. बाजारात जाऊन राहिली होती. गाडी थांबली का मशीनवर दिसते, मालक ओरडते. म्हणून थांबलो नाही."

कॅमेऱ्याचे घड्याळ मी मोबाइलशी ताडून पाहिले होते. दुसरे उपग्रहाचे, म्हणून ताडलेच नाही. आणि माणूस काहीतरी लपवतो आहे एवढे कळताच, काय लपवतो आहे तेही मीच ठरवून टाकले. पुढच्या नोकरीत ही चूक पुन्हा केली नाही.

भाचा निर्दोष आहे हे सांगायला मी स्वतः मामांच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, "पाठवा त्याले. जेवाले ये म्हणा."

मी निरोप दिला. माझी बदली होईपर्यंत तरी तो गेला नव्हता.