धार न लावलेली कुऱ्हाड

"बोट लावा, मग बोला." आमच्या गल्लीतल्या सिस्टरांचं हे ठरलेलं वाक्य. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हयात गेली, पण निवृत्तीनंतरही अंगठ्यानं दाबून पाहिल्याशिवाय त्या कशावर विश्वास ठेवत नसत, मग तो कुणाचा ताप असो की पपई. त्यांच्याशी वाद घालायला गल्लीत कुणी धजत नसे. मी घालायचो, मला खाजच होती.

मला जुन्या लोखंडाचा नाद. एकदा पाटोद्याच्या बाजारात भंगारवाल्याकडं बिनदांड्याची कुऱ्हाड मिळाली. मशीनची नव्हे, लोखंडाची पट्टी दुमडून मध्ये पोलाद घालून ठोकलेली. सांधा स्पष्ट दिसत होता. धारेचा मात्र नखाएवढा टवका उडालेला. ओट्यावर ठेवून मी जाहीर केलं, "निजामाच्या काळातली." तुम्हाला म्हणून सांगतो, गंजलेलं काहीही मी निजामाच्याच काळात ढकलतो. लोहाराकडून धार लावून ती माझ्या दुकानात टांगायचा बेत होता.

सिस्टर आल्या, टवक्यावरून अंगठा फिरवला आणि तिथंच बसल्या.

"भाऊ, कुठल्या गावची हाय ही?"

भंगारवाल्यानं सांगितलेलं गाव मी सांगितलं. ते त्यांचं माहेर निघालं.

"माझ्या बापाची हाय."

त्यांचे वडील गावातल्या प्रत्येक लग्नाचं सरपण फुकट फोडायचे. जातीनं गळ्यात घातलेलं काम. धम्म घेतला त्या साली त्यांनी चावडीपुढच्या दगडावर कुऱ्हाड आपटली, तिथंच टाकली आणि घरी आले. गाव मात्र म्हणत राहिलं, अंगात जोर उरला नाही म्हणून सोडलं. सिस्टर हे ऐकतच मोठ्या झाल्या आणि आयुष्यभर त्यांना ते झोंबत राहिलं.

सवयीनं मी आडवा गेलो. "टवका काय, कुठल्याही कुऱ्हाडीचा उडतो."

"मग नेढ्यात बघा. दांडा हालत होता म्हणून आईच्या मोडक्या विळ्याचं टोक पाचर म्हणून ठोकलं होतं. आई सांगायची."

दांड्याच्या त्या भोकात माती आणि गंज गच्च बसला होता. डिझेल ओतून मी खिळ्यानं कोरत बसलो. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. शेवटी कुजक्या लाकडाच्या भुश्यातून एक चपटं, वाकडं टोक निघालं. विळ्याचंच. वाद मी हरलो, आणि खरं सांगतो, लई बरं वाटलं.

"आता टवक्याला बोट लावा," त्या म्हणाल्या. "कडा अजून टोचती. त्यानंतर हिला कुणी घासलीच न्हाई. थकलेला माणूस कुऱ्हाड दुसऱ्याला देतो, भाऊ. दगडावर कशापायी आपटंल?"

"मग साल कोणतं धरायचं?"

"घडवली कवा ते लोहाराला ठावं. थांबली कवा ते मला ठावं हाय."

धार लावू दिली नाही. दांडा मात्र माझ्याकडून बसवून घेतला, पाचर तीच. कुऱ्हाड त्यांच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत गेली. माहेरचं कुणी आलं की चहाच्या आधी ती त्याच्या हातात. "बोट लावा, मग बोला." बहुतेक जण ते जुनं बोलणं न काढता चहा पिऊन निघून जात.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आचाऱ्याला सरपण फोडायचं होतं. त्यानं सहज खिडकीतली कुऱ्हाड उचलली. सिस्टरांची लेक पाहुण्यांतून उठली आणि तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"ती न्हाई, दादा. तिनं फोडायचं सोडलंय."

मी घरून माझी कुऱ्हाड आणून दिली. लेकीनं ती जुनी पुन्हा खिडकीत ठेवली, टवका रस्त्याकडं करून.