चौगुलेनं जिंकलेला डाव

तेव्हा आमची कंपनी नियंत्रण रेषेवरच्या एका पोस्टवर होती. मी कोरेगावचा, हवालदार, सेक्शन कमांडर. लान्सनायक भरत चौगुले कवठे महांकाळचा. सेक्शनची एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, त्याच्याकडे असे.

कंपनीच्या बुद्धिबळ स्पर्धेत फायनलला आम्ही दोघेच उरलो. रविवारी सकाळी बंकरमध्ये पट मांडला. मला पांढरी मोहरी, त्याला काळी. त्याचा हत्ती मी मारला आणि खूश झालो. त्यानं तो मुद्दाम सोडला होता. त्यानं घोडा आत घातला, शह दिला. माझा राजा कोपऱ्यात अडकला.

"मात, हवालदारसाहेब!" चौगुले खदखदून हसला.

मी त्याच्याशी हात मिळवत होतो, तोच मॉर्टरचा पहिला गोळा लंगरवर, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरावर पडला. आमचा आचारी जागीच गेला.

"स्टँड टू!" मी ओरडलो. सगळे आपापल्या मोर्च्यात धावले; चौगुले एलएमजीवर, मी त्याच्या शेजारी.

गोळे पडतच राहिले. त्या धुराळ्याच्या आडोशानं शत्रूची टोळी पोस्टभोवतीच्या काटेरी तारेपर्यंत आली. चौगुलेनं फायर उघडला. पुढचे दोघे तारेवरच लोंबकळले. मी रेडिओ उचलला.

"तारेपाशी शत्रू. आर्टिलरी फायर द्या. ओव्हर."

"रॉजर. टिकून राहा. ओव्हर."

एक ग्रेनेड मोर्च्याच्या तोंडाशी फुटला. माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. चौगुलेचं पोट फाटलं होतं. डाव्या हातानं त्यानं ते दाबून धरलं होतं, उजवा ट्रिगरवर.

"सोड गन, मी घेतो."

"न्हाई. तुमी मॅगझिन द्या."

मी देत गेलो, तो मारत गेला. एक जण अगदी मोर्च्यापर्यंत आला. त्याला मी संगिनीनं पाडलं. मग आपल्या तोफा सुरू झाल्या. उरलेले पळाले.

चौगुलेचं डोकं गनच्या दस्त्यावर टेकलं. मी त्याच्या जखमेवर फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं. ते लगेच भिजलं. हेलिकॉप्टर येण्याआधी तो गेला.

सुट्टीवर आल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं मरणाचं काही विचारलं नाही.

"त्या दिशी सकाळी काय करत व्हता त्यो?"

"बुद्धिबळाची फायनल खेळत होता, आई. मला हरवलं त्यानं. लय हसला."

ती उठून दाराशी गेली आणि रानातून येणाऱ्या नवऱ्याला तिनं हाक मारली.

"आवं, ऐकलंसा का? आपला भरत जिंकला व्हता!"