पुढची शीट

“जरा सरकून घ्या, अजून एक बसतोय!” असं म्हणून मामा माझ्या लॅपटॉपच्या पाठीवर दोन थापा मारायचे. जीपच्या टपावर मारतात तशा. “मामा, स्क्रीन जाईल!” म्हणून मी ओरडले की थाप मारलेल्या जागेवरून ते हात फिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे.

मुरबाडच्या स्टँडवरून कधी कल्याणची जीप पकडली असेल, तर हा माणूस तुम्हीही पाहिला असेल. “कल्याण कल्याण कल्याण” असा पुकारा करणारा, तिघांच्या जागेत चौथा बसवणारा आणि गाडी भरली की स्वतः खालीच उभा राहणारा. सगळा तालुका त्यांना मामा म्हणायचा. माणसं बसवता बसवता त्यांचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, ओरडणं बंद. म्हणजे धंदाच बंद की!

त्यांची-माझी गाठ पडली ती माझ्या वेबसाइटमुळे. मुरबाडला रेल्वे नाही; एसटी कधी सुटेल आणि जीप कधी भरेल ते देवाला ठाऊक. म्हणून मी मुरबाड-शहापूरच्या गाड्यांच्या वेळा, बाजाराचे दिवस, कुठला रस्ता बंद, असं सगळं सांगणारी साइट काढली. वेळ बदलली की मामा फोन करून कळवायचे. लोक साइट बघायचे, भरपूर बघायचे. पण लोकांच्या बघण्यानं माझं पोट भरत नव्हतं. आपोआप येणाऱ्या जाहिराती लावून पाहिल्या, तर धसईच्या गाडीची वेळ उघडली की रमीचा डाव यायचा आणि डोळखांबच्या राबणाऱ्या बाईला पोट कमी करायचं औषध दिसायचं. शेवटी म्हटलं, आपल्या पानावरची जागा आपणच विकू. घरी बोलणं झालं होतं: वर्षभरात साइट स्वतःच्या पायावर उभी राहिली तर ठीक, नाहीतर मी मुकाट्यानं बदलापूरच्या एका ऑफिसात नोकरीला जायचं.

मी पानावर रिकामे चौकोन आखले आणि त्यांत लिहिलं, ‘इथे तुमची जाहिरात’. मामांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

“ह्या शीटा खाली कशा गो?”

“शीटा नाहीत मामा. जाहिरातीच्या जागा आहेत.”

“तेच ना. खाली गाडी दिसली का कोन चढत नाय. मी भरून देतो.”

आणि मी हो म्हटलं. माझंच कपाळ!

एक मात्र मान्य करते. मला दुकानदार चहा पाजून “दिवाळीनंतर बघू” म्हणत कटवायचे. एकानं तर विचारलं होतं, “चौकातला फ्लेक्स येता-जाता दिसतो. तुमचं हे मोबाइल बंद केला का गेलंच ना?” मामांना कुणी कटवू शकत नव्हतं, कारण शेवटच्या जीपमध्ये कधी ना कधी मामांनी प्रत्येकाला कोंबलं होतं. पिठाची गिरणी आली, मोबाइल दुरुस्तीवाला आला, मंडपवाला आला. मी खूश! आणि मग दुकानदारांचे फोन सुरू झाले, “ताई, आमची जाहिरात कुठाय?”

मामांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की सगळ्या शीटा भरल्यावरच जाहिरात लागेल.

“अहो मामा, इथे एकटा बसला तरी गाडी सुटते!”

“एकटा घेऊन सुटलीस तर बाकीचे कशाला येतील?”

डोकं आपटायला भिंतही जवळ नव्हती.

दोन सख्ख्या भावांची हार्डवेअरची दुकानं होती. समोरासमोर, आणि बोलणं बंद. मामांनी दोघांनाही आणलं. एकाच्या शेजारी दुसरा नको म्हणून दोघं माझ्या डोक्यावर बसले. मामा शांतपणे म्हणाले, “मधी साडीवाली टाक. बाईमानूस मधी असलं का भांडत नाय.” मी टाकली. आणि खरं सांगते, नाही भांडले.

पण माझं खरं डोकं फिरलं ते पुढच्या शीटवरून. पानाच्या अगदी वरची जागा मी सगळ्यात महाग ठेवली होती. मामांच्या हिशेबी ती ड्रायव्हरशेजारची. तिथे त्यांनी डोळखांबची नागलीचे पापड विकणारी मावशी बसवली. फुकट!

“तिचं गुडघं धरतात. ती कायम पुढंच बसते,” मामा म्हणाले.

“मामा, इथे तिची जाहिरात बसणार आहे, गुडघे नाहीत!”

“जाहिरात झाली म्हनून काय तिला मागं टाकायची?”

मी हात जोडले. म्हटलं, गिऱ्हाईक येईपर्यंत राहू दे.

गिऱ्हाईक आलं. कल्याणचे एक क्लासवाले, स्वतःची गाडी घेऊन थेट माझ्या दारात. वर्षाचा करार करायला तयार, पण हवी तीच वरची जागा. एवढी एक सही झाली असती तर साइट तरली असती. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून मामांचा फाटका आवाज आला, “शीट भरलीय.”

क्लासवाले हसले. “काका, पापडवाल्या बाईंना जरा खाली घ्या ना.”

“आमी सरकून घ्या बोलतो, ऊठ बोलत नाय. बसलेल्या मानसाला उठवत नाय.” एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले! त्या गृहस्थांच्या भल्यासाठीच सांगावं तसं पुढे म्हणाले, “आज ही तिला उठवते. उद्या तुमच्यापरीस मोठा आला, तर तुमालाबी उठवील.”

मी सावरून घ्यायच्या आत ते गृहस्थ उठले. मग म्हणाले, विचार करून कळवतो. आजतागायत विचारच करतायत.

मी मामांना फाडफाड बोलले. “तुमची जीप गेली, आता माझीही घालवलीत!” माझं बोलून संपल्यावर त्यांनी विचारलं, “चाय सांगू?”

असा संताप येतो ना अशा माणसाचा! भांडावं तर समोर कुणी भांडतच नाही.

मी बदलापूरला नोकरी धरली. साइट बंद केली नाही, पण ती रविवारपुरती उरली. मेली नाही, नीट जगलीही नाही. मामांचे फोन मात्र थांबले नाहीत. “धसईची गाडी उशिरा सोडतात, लिव,” एवढंच बोलून ठेवून द्यायचे.

मग एकदा एका जीपवाल्याचा फोन आला. मामा झोपेतच गेले होते. साइटवर लावायला त्यानं फोटो पाठवला. त्याच्याकडे तेवढा एकच होता: स्टँडवर उभे, एक हात वर, तोंड उघडं. मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठे जागाच नव्हती. या माणसानं माझं पान ठासून भरलं होतं आणि नेहमीसारखा स्वतः खाली राहिला होता. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

संध्याकाळी पापडवाल्या मावशीचा फोन आला. “ताय, मामांना पुढं बसवा.”

“मावशी, तिथे तुम्ही आहात. आणि बसलेल्या माणसाला...”

“तुमी नका उठवू. मी आपून उठते. माजे गुडघे आता बरे हायेत.”

कसले बरे! आदल्याच आठवड्यात मी तिला स्टँडवर खांबाला धरून उठताना पाहिलं होतं.

तिच्यासाठी साडीवाली सरकली, गिरणीवाला सरकला. मामा वर बसले.

जाऊनही हा माणूस माझं नुकसान करायचं सोडत नाही. परवा पुन्हा एकाचा फोन आला होता. वर्षाचा करार, वरचीच जागा. मी म्हटलं, शीट भरलीय.

“पण मॅडम, तिथे जाहिरात कुठाय? नुसता एक फोटो दिसतोय.”

“जाहिरात नाही,” मी म्हटलं. “तिथे माणूस बसलाय.”